समितीत हसू फुटलं, राजीनामा देऊ का?

प्रिय ताई,

आमच्या संस्थेच्या सभागृहासाठी साठ खुर्च्या घ्यायच्या आहेत. त्यासाठी अकरा जणांची समिती नेमली आहे आणि त्यात मी सगळ्यांत नवी. आतापर्यंत नऊ बैठका झाल्या. पहिली बैठक समितीला ‘खुर्ची खरेदी समिती’ म्हणायचं की ‘आसनव्यवस्था समिती’ यावर संपली. नंतर एक रंग उपसमिती निघाली. तिने दोन बैठका घेऊन राखाडी रंग सुचवला, तो सर्वानुमते मंजूर झाला. आणि जिना उतरताना त्याच उपसमितीतले दोघे मला म्हणाले की राखाडी त्यांना मुळीच आवडत नाही. नमुन्याची एक खुर्ची महिनाभर कार्यालयात उभी आहे. तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद कुणी काढत नाही, कारण कागद काढला म्हणजे खुर्ची स्वीकारली असा अर्थ होईल. सगळे तिला पिशव्या अडकवतात. आता आणखी तीन निमंत्रित सदस्य घ्यायचं चाललंय.

मागच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, “पुढच्या बैठकीची तारीख ठरवायला एक छोटी बैठक घेऊ.” मला हसू फुटलं. आवरेचना. आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी राजीनामा द्यावा का? की हसणं आवरायला शिकावं?

– समितीतली सर्वांत नवी सदस्य

प्रिय मैत्रिणी,

राजीनामा देऊ नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल. हसणंही आवरू नका. बैठकीत जे चाललंय आणि जे व्हायला हवं, त्यांच्यातलं अंतर तुम्हाला दिसतं, म्हणून तुम्हाला हसू येतं. बाकीच्यांची नजर त्या अंतराला सरावली आहे. नव्या माणसाची नजर समितीला फार दिवस मिळत नाही. आणखी सहा बैठकांनी तुम्हालाही त्या खुर्चीवरचा कागद दिसेनासा होईल. त्याआधी त्या नव्या नजरेचा उपयोग करून घ्यायला हवा.

मी सहा वर्षं एका वाचनालयाच्या समितीची चिटणीस होते. तिथे अभ्यासिकेत लावायच्या पाटीचा विषय निघाला. मजकूर अवघा दोन-तीन शब्दांचा. काहींचं म्हणणं ‘शांतता राखा’, काहींचं ‘शांतता पाळा’, आणि एका ज्येष्ठ सदस्यांचा हट्ट ‘कृपया शांतता राखावी’. हा विषय सात बैठका चालला. इतिवृत्तं मीच लिहीत होते, म्हणून आकडा नक्की आठवतो. चौथ्या बैठकीत राखणं आणि पाळणं यांतला फरक इतका तापला की आवाज भिंतीपलीकडे गेला. दार उघडलं आणि अभ्यासिकेतली एक मुलगी, हातात टोपण काढलेलं पेन, दारातूनच म्हणाली, “जरा हळू बोलाल का? पलीकडे वाचता येत नाहीये.” तिने दार आवाज न करता ओढून घेतलं. मी वहीत तोंड खुपसून हसले. ते त्या ज्येष्ठ सदस्यांनी पाहिलं, आणि पुढच्या दोन बैठकांत त्यांनी माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

सहाव्या बैठकीनंतर मी त्यांना गाठलं आणि आधी माफी मागितली. मग विचारलं, “तुम्हाला ‘कृपया’च का हवंय?” ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. कपाटाच्या मागून त्यांनी एक पुठ्ठा काढला. निळ्या शाईतली अक्षरं, कडांची शाई उडालेली, एका कोपऱ्याला टाचणीचं गंजलेलं भोक. ‘कृपया शांतता राखावी’. अभ्यासिका सुरू झाली त्या दिवशी त्यांनी स्वतः लिहिलेली ती पाटी होती. रंगकामाच्या वेळी कुणीतरी काढून फेकली होती. ती त्यांनी उचलून आणली आणि जपून ठेवली. सहा बैठकांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि भर बैठकीत आपण होऊन सांगणं त्यांना जमत नव्हतं. सातव्या बैठकीत मी सुचवलं की नवी पाटी करायचीच नको, जुनीच चौकटीत बसवू. ठराव चार मिनिटांत मंजूर झाला.

तुमच्या ज्येष्ठ सदस्यांच्या कपाटामागे काय आहे, मला ठाऊक नाही. पण समितीचं घोडं जिथे पेंड खातं, तिथे पुष्कळदा असा एक पुठ्ठा असतो. तेव्हा पुढच्या बैठकीची वाट न बघता त्यांना एकटं भेटा. “मी तुम्हाला हसले नाही, पण तुम्हाला तसं वाटलं असेल तर मला वाईट वाटतंय,” एवढं सरळ बोला. मग विचारा की त्यांना कशी खुर्ची हवी आहे, आणि का. उत्तर मिळेपर्यंत मध्ये बोलू नका. हे काम माझ्या मते सगळ्या ठरावांपेक्षा मोठं आहे.

आता समितीकडे वळते. तुमची समिती जगावेगळी नाही. पळसाला पाने तीनच. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकाराने १९५७ मध्ये कल्पनेतल्या एका अर्थसमितीची बैठक रंगवली होती. पहिला विषय अणुभट्टीचा, खर्च १ कोटी पौंड. तो अडीच मिनिटांत मंजूर होतो, कारण अणुभट्टीतलं फारसं कुणाला कळत नाही आणि ते कबूल करायची हिंमत त्याहून कमी असते. दुसरा विषय कारकुनांच्या सायकली ठेवायच्या शेडचा, खर्च ३५० पौंड. शेड सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे छप्पर कशाचं करायचं यावर पाऊण तास रंगतो. तिसरा विषय बैठकीतल्या खाण्यापिण्याचा, वर्षाला २१ पौंड. त्यावर सव्वा तास चर्चा होते आणि अधिक माहिती मागवून विषय पुढच्या बैठकीवर जातो. रक्कम जितकी लहान तितका वेळ जास्त, असं त्याचं म्हणणं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप हसले. मग लक्षात आलं की आमची पाटी ही तीच शेड. तुमची खुर्चीही तीच. खुर्चीवर बसलेला नाही असा माणूस नाही, म्हणून अकराही जण जाणकार. रंगावर दोन बैठका होतात, आणि मला पत्रात कुठेच दिसलं नाही की सभागृहात साठ खुर्च्या मावतात का, रांगांमधून चालायला वाट उरते का, गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना टेकायला खुर्चीला हात आहेत का. हे कुणी विचारलं असेल तर मला आनंदच आहे. नसेल तर तुम्ही विचारा. लोक बोलतायत त्या विषयावरून त्यांना हटकलं तर ते दुखावतात. मोठा प्रश्न समोर ठेवला की रंग आपोआप त्याच्या मापाचा होतो.

तारखेच्या बैठकीचं तुम्हाला हसू आलं, पण बिचाऱ्या अध्यक्षांची अडचण खरी आहे. हिशेब करून बघा. प्रत्येक सदस्य दहापैकी सात संध्याकाळी मोकळा असतो असं धरू. तसं पाहिलं तर हे फार उदार मोजमाप झालं. तरी अकराही जण एकाच संध्याकाळी मोकळे असण्याची शक्यता शंभरात जेमतेम दोन. तीन निमंत्रित आले आणि चौदा झाले की ती शंभरात एकाहूनही खाली जाते. पाचच जण असते तर शंभरात सोळा-सतरा. म्हणजे अध्यक्ष वेंधळे नाहीत, गणितच त्यांच्या विरुद्ध आहे. माणसांमधल्या जोड्या मोजल्या तरी तेच. पाच जणांत दहा जोड्या, अकरांत पंचावन्न, चौदांत एक्क्याण्णव. प्रत्येक जोडीत एखादी जुनी कुरबूर, एखादं जुनं उपकाराचं ओझं. निमंत्रित सदस्यांना माझा विरोध आहे, आणि तो तुम्हीही नोंदवा, पण त्या तिघांविषयी एक शब्द न काढता. सगळे आले पाहिजेत हा आग्रह सोडून गणपूर्ती, म्हणजे नियमाने लागते तेवढी किमान हजेरी, झाली की बैठक सुरू, एवढं ठरवलं तरी तारखेसाठी वेगळी बैठक लागणार नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या जानेवारीत, अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संस्थेने एक पुस्तिका तयार केली होती. शत्रूच्या ताब्यातल्या देशांमधल्या सामान्य माणसांनी हत्यार न उचलता घातपात कसा करावा, हे तिच्यात सांगितलं होतं. यंत्रं कशी बिघडवायची, टायर कसे पंक्चर करायचे, वगैरे. आणि संस्थांचं काम कसं बुडवायचं, त्याचीही कलमं होती. शक्य तिथे विषय ‘अधिक अभ्यासासाठी’ समितीकडे पाठवा. समिती होईल तितकी मोठी करा, पाचाहून लहान तर नकोच. संबंध नसलेले मुद्दे वारंवार काढा. ठरावाच्या आणि इतिवृत्ताच्या शब्दांवरून घासाघीस करा. मागच्या सभेत ठरलेलं पुन्हा उकरून काढा.

तुमच्या नऊ बैठका आणि ही यादी शेजारी ठेवा. हसू येईल, आणि मग थोडं गलबलूनही येईल. कारण तुमच्या समितीत शत्रूचं कुणी नाही. सगळी माणसं कामावरून दमून येतात, पदरचा वेळ देतात, आणि संस्थेचं भलं व्हावं या एकाच इच्छेने हे सगळं करतात. एकाला वाटतं, घाई नको, पैसा लोकांचा आहे. दुसऱ्याला वाटतं, शब्द नीट हवेत, उद्या कुणी बोट ठेवायला नको. मागचं कायम झालेलं पुन्हा काढणाऱ्यालाही आपण शिळ्या कढीला ऊत आणतोय असं वाटत नसतं, आपण जागरूक आहोत असंच वाटत असतं. घातपाताला लागतात तीच साधनं सद्भावनेने वापरली जातात. म्हणून माझं सांगणं, माणसांवर रागावू नका. पद्धत बदलायला लागा.

पद्धत बदलायची कुठून? समितीने ठरवावं आणि करायचं काम एका माणसाच्या हातात द्यावं. माझ्या सहा वर्षांत मी एवढं एकच ठामपणे शिकले. बारभाईची खेती, काय लागेल हाती, असं म्हणतात ते उगाच नाही. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचं बळ मोजलं होतं. १९१३ मध्ये त्याचे आकडे छापून आले. आठ जण एकत्र ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढण्याच्या निम्म्यावर येत होता. काही जोर एकमेकांच्या ओढण्याचा मेळ न बसल्याने जातो, काही दुसरे ओढतायतच या भरवशावर. तुमच्या अकरांपैकी प्रत्येकाला मनापासून वाटतंय की विक्रेत्याला फोन बाकीच्यांपैकी कुणीतरी केला असेल.

तेव्हा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक ठराव लेखी द्या. आयत्या वेळच्या विषयांत नको, तिथे विषय दमलेल्या माणसांच्या हाती पडतो. ठराव साधा असू द्या: साठ खुर्च्यांची खरेदी अमुक एका सदस्याने, ठरलेल्या रकमेच्या आत, अमुक तारखेपर्यंत पूर्ण करावी. रंगाचा व विक्रेत्याचा निर्णय त्यांचा. हिशेब व पावत्या समिती तपासेल. सूचक तुम्ही. अनुमोदक म्हणून त्या ज्येष्ठांना विचारा, त्यांना भेटून आल्यानंतर. आणि ज्याचं नाव घालायचं त्याला आधी विचारा, भर सभेत नाव पुकारून कुणाला अडकवू नका. कुणीच तयार नसेल तर स्वतःचं नाव घाला. नव्या सदस्याने असं करायचं नसतं असं कुणी म्हणेल. म्हणू द्या.

इतिवृत्त कोण लिहितं ते पत्रात नाही. शक्य असेल तर ते काम मागून घ्या. कुणी काय म्हणालं याची पानं भरायची गरज नाही. प्रत्येक विषयाखाली काय ठरलं, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढं लिहा. पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचून कायम करताना ती तीन उत्तरं मोठ्याने वाचली जातात आणि ज्याचं नाव आहे तो माणूस समोरच बसलेला असतो. नमनाला घडाभर तेल जाण्यापेक्षा हे बरं. आमच्याकडे हे सुरू केल्यावर पहिले दोन महिने सगळे माझ्यावर नाराज होते. तिसऱ्या महिन्यात लोक बैठकीच्या आदल्या रात्री का होईना, कामं उरकायला लागले.

आणि राखाडी रंग. जेरी हार्वी या अमेरिकन प्राध्यापकाने १९७४ मध्ये आपल्या सासुरवाडीचा एक किस्सा लिहिला. टेक्सासमधलं कडक ऊन, घरात सगळे सुखाने बसलेले. कुणीतरी सुचवतं, ५३ मैलांवरच्या ॲबिलीनला जेवायला जाऊ. सगळे हो म्हणतात. वातानुकूलन नसलेल्या गाडीतून, धूळ खात जातात, वाईट जेवून परत येतात. घरी आल्यावर एकेक जण कबूल करतो की जायचं कुणालाच नव्हतं. ज्याने सुचवलं त्यालाही नव्हतं, दुसरे कंटाळले असतील म्हणून तो बोलला होता. तुमचा राखाडी रंग मला असाच वाटतो. जिन्यात खरं बोललेल्या त्या दोघांची नावं बैठकीत घेऊ नका. अकरा चिठ्ठ्या वाटा, प्रत्येकाने न बोलता रंग लिहून घडी घालावी, आणि एकदम उघडा. एकाही चिठ्ठीत राखाडी निघाला नाही तर त्या दिवशी सगळेच हसतील, आणि तुम्ही एकट्या पडणार नाही. मी हसण्याची वाट बघते ती या हसण्याची. एकाने दुसऱ्याला हसलं की माणसं तुटतात. सगळे मिळून आपल्याच कारभारावर हसले की पुढचा ठराव लवकर मंजूर होतो, हे मी पाहिलंय.

आणखी एक करा. दहावी बैठक कार्यालयात नको, सभागृहातच ठेवा. तिथे खुर्च्या नाहीत, म्हणजे सगळ्यांना उभं राहावं लागेल. १९९९ मध्ये काही अमेरिकन संशोधकांनी बसून आणि उभ्याने घेतलेल्या बैठकांची तुलना केली. बसून घेतलेल्या बैठका ३४ टक्के जास्त चालल्या, आणि निर्णय काही अधिक चांगले झाले नाहीत. ज्यांना उभं राहण्याचा त्रास आहे त्यांची सोय मात्र आधी करा, त्यात हयगय नको.

ती सोय तुमच्याकडे आहेच. सगळे जमायच्या आधी नमुन्याची खुर्ची सभागृहाच्या मधोमध आणून ठेवा. तिच्यावरच्या पिशव्या उतरवा, प्लास्टिकचा कागद स्वतःच्या हाताने फाडून काढा. अध्यक्षांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, चोरून नको. मग त्या ज्येष्ठ सदस्यांना म्हणा, “काका, तुम्ही बसून बघा, आणि उठताना हात पुरतात का सांगा.”

ते काय म्हणाले, मला कळवा.

तुमची,
ताई